एका टाकीचं पाणी

माझं माहेर जळगावचं, मेहरूणचं. सासर पिंपळनेरच्या अलीकडचं एक गाव. जळगावची थंडी पाहुणी असते. पेटीतला स्वेटर शोधून काढेपर्यंत निघूनही जाते. सासरची थंडी मुक्कामाला यायची. दिवाळी उरकली की डोंगराकडून जो वारा सुटायचा, तो संक्रांत झाली तरी हटायचा नाही. लग्न होऊन आले त्याच पौषात माझे ओठ फुटले, टाचा फुटल्या आणि घरचा बंब माझ्या गळ्यात पडला.

बंब तांब्याचा होता, माझ्या कमरेच्या वर येणारा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. थोरली सून म्हणून तो पेटवायचा मान माझा. सासरी मान हा शब्द जरा जपूनच ऐकावा, त्याच्या पोटात बहुतेक वेळा काम दडलेलं असतं. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या, मक्याची दाणे काढलेली कणसं, जे मिळेल ते नळीत सारायचं आणि डोळे चोळत बसायचं. घर मोठं, तीन भाऊ, तिघांच्या बायका, पोरंबाळं, आल्यागेल्याची वर्दळ. सगळ्यांच्या बादल्या त्या एका तोटीतून भरायच्या.

पहिली बादली आबांची. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई मी येण्याच्या आधीच गेलेल्या. आबा घराच्या मागच्या जुन्या भागात एकटे राहायचे, अंगणापलीकडे, गोठ्याला लागून. त्यांची आंघोळ झाल्याशिवाय घरात कुणी अंगावर पाणी घ्यायचं नाही, हा नियम. परीक्षेला निघालेलं पोर असो नाहीतर लग्नाला निघालेला जावई, आबांच्या न्हाणीतून तांब्याचा आवाज थांबला की मग बाकीच्यांनी हलायचं. मला सुरुवातीला राग यायचा. शहरातून आलेली मी, मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला काय घाई आहे एवढी. पण आबा कुणाला ताटकळत ठेवायचे नाहीत. सगळ्यांच्या आधी उठायचे, एक बादली पाणी घ्यायचे आणि उरकायचे. दुसरी बादली त्यांनी कधी मागितली नाही.

या माणसाला आयुष्यात एकच भीती होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. आमच्या अंगणाच्या उजव्या अंगाला एक भिंत होती. भिंतीपलीकडे आबांच्या थोरल्या भावाचं घर. दोघे भाऊ तरुण असताना वाटणी झाली तेव्हा ती भिंत उभी राहिली, आणि पुढे थोरला भाऊ वारला तेव्हा आबांना ही बातमी गावातल्या न्हाव्याकडून कळली. भिंतीला कान लावला असता तरी रडणं ऐकू आलं असतं, एवढंच अंतर. आबा म्हणायचे, माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पोरांत असली भिंत नको. मी मेल्यावर काय करायचं ते करा. जेवताना म्हणायचे, शेतात म्हणायचे, पाहुण्यांसमोरही म्हणायचे. दीर हसायचे. आबांचं रेकॉर्ड लागलं, म्हणायचे.

नव्वद साल उलटून गेल्यावर कधीतरी बंबाचं बूड गळायला लागलं. डाग दिला, पुन्हा गळलं, पुन्हा डाग दिला. तोवर घराचा पुढचा भाग पाडून स्लॅबचा झाला होता, तिघा भावांना तीन खोल्या आणि खोलीला लागून आपापलं बाथरूम मिळालं होतं. धुराने नव्या भिंती काळ्या होतात अशी कुरकुर सुरू झाली. माझे डोळे पंधरा वर्षं काळे होत होते, त्याची कुणी कुरकुर केली नव्हती, पण भिंतीला नवा रंग दिला होता. असो. बंब जाणार याचा मला आनंद झाला, तो मी लपवला नाही.

मग पाणी कशावर तापवायचं याचा खल सुरू झाला, तो अख्खा पावसाळा चालला. माझ्या मालकांच्या मते धुळ्याच्या एका लॉजवर बघितलेला लाकडाचा मोठा बॉयलर बरा. म्हणजे बंबाचाच थोरला भाऊ. मी चहाचा कप जरा जोरात ठेवला आणि तो विषय संपला. मधले दीर शाळेत मास्तर होते. त्यांनी गॅसचा गीझर सुचवला, पण सिलिंडरला नंबर लावून महिना महिना बसावं लागे, आणि कोंडलेल्या न्हाणीत त्या गॅसने माणूस गुदमरतो असं कुणीतरी त्यांच्या बायकोच्या कानावर घातलं. धाकटे दीर पाण्याच्या मोटारींचं दुकान चालवायचे, त्यांना विजेतलं कळायचं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. प्रत्येकाच्या बाथरूमात एकेक लहान गीझर लावा, ज्याला हवं तेव्हा त्याने बटण दाबावं. धाकटी जाऊ नाशिकची, तिच्या माहेरी तसंच होतं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

आबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"पानी न्यारं व्हयनं का घर न्यारं व्हवाले येळ लागत नई," ते म्हणाले.

धाकट्या दिरांनी समजावलं की आबा, गीझर म्हणजे काही चूल नव्हे. आबा म्हणाले, चूलही एकदम न्यारी, वेगळी होत नसते, आधी काहीतरी दुसरं न्यारं होतं. त्यांच्या आणि त्यांच्या भावाच्या बाबतीत आधी बैलांचा चारा न्यारा झाला होता.

शेवटी सोलरचं निघालं. तेव्हा ते आमच्याकडे नवं होतं. जळगावला माझ्या भावाच्या ओळखीच्या एका डॉक्टरांच्या गच्चीवर तसली काचेची पेटी आणि टाकी बसवलेली होती. ती बघायला आम्ही सगळे गेलो, आबासुद्धा. दुपारची वेळ होती. डॉक्टरांच्या बाईंनी नळ सोडला, आबांनी हात पुढे केला आणि चटका बसून मागे घेतला. मग ते त्या टाकीभोवती फिरले, गाय घ्यायला आल्यासारखे. लाकूड नाही, वीज नाही, धूर नाही, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं, पण विचारलं एवढंच की ही टाकी एकच असते ना, की घरात जेवढी बाथरूमं तेवढ्या टाक्या लागतात. एकच, असं ऐकल्यावर त्यांचा चेहरा खुलला. मी त्यांना इतकं खूश फार कमी वेळा बघितलं. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते की सूर्य एक, टाकी एक, आता भांडायला जागाच नाही.

दसऱ्याच्या आसपास टाकी आली. मोठी घेतली, घरातली सगळी माणसं धरून. नव्या भागाच्या स्लॅबवर ती बसली. तिथून लोखंडी पाइप खाली उतरला, तिघा भावांच्या बाथरूमांना एकेक फाटा देत गेला आणि मग अंगण ओलांडून, गोठ्याच्या भिंतीला धरून मागे आबांच्या न्हाणीपर्यंत पोचला. आबांनी त्याच दिवशी नियम घातला. गरम पाणी दर माणशी एक बादली, त्यावर कुणी घ्यायचं नाही, म्हणजे शेवटच्या माणसालाही पुरेल. आणि आबांच्या आधी कुणी आंघोळ करायची नाही हा जुना नियम होताच. दोन्ही नियम कुणी मोडले नाहीत. मोडले असते तर बरं झालं असतं.

बंब भांडीवाल्याला मोडीत गेला. मला वाटलं होतं वाईट वाटेल, नाही वाटलं. पहाटे उठून न बसण्याची चैन मी पहिल्यांदाच करत होते. सकाळी मागून आबांच्या न्हाणीतला आवाज यायचा आणि थांबायचा. मग आमच्या बाथरूमात नळ सोडला की वाफाळतं पाणी हजर. अगदी पहिल्या धारेपासून. धाकटी जाऊसुद्धा म्हणाली की आमच्या नाशिकच्या गीझरला एवढी धग नाही. गावातली माणसं टाकी बघायला यायची आणि आबा त्यांना स्वतः जिन्याने वर घेऊन जायचे. पाणी कसं आहे असं कुणी विचारलं की म्हणायचे, बठ्ठा घरले पुरस, अख्ख्या घराला पुरतं. पाणी गरम आहे असं ते म्हणाल्याचं मला आठवत नाही. तेव्हा ते कुणाच्या लक्षात येणार?

मार्गशीर्षात आबांना खोकला लागला. म्हाताऱ्या माणसाला थंडीत खोकला होतोच. मी काढा दिला, ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकली. अंगावर जास्तीची गोधडी घातली. धाकट्या दिरांनी शहरातून लोकरीची टोपी आणली. पण ते दिवसेंदिवस वाळत चालले. आंघोळ करून आले की कितीतरी वेळ उन्हात बसायचे, बोलवलं तरी उठायचे नाहीत. ओठ निळसर दिसायचे. मी म्हटलं, आबा, जरा उशिरा करत जा आंघोळ, ऊन वर आल्यावर. ते म्हणाले, मग बाकीच्यांनी काय करायचं, पोरांना शाळा आहे. एवढं एकच कारण त्यांनी दिलं.

पौषात एका दिवशी अंगात कडकडून ताप भरला. पिंपळनेरचे डॉक्टर आले, त्यांनी छाती तपासली, सुई दिली, आंघोळ बंद म्हणून सांगितलं. गरम पाण्यात फडकं पिळून अंग पुसून घ्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घमेलं घेऊन आबांच्या न्हाणीत गेले. घरात अजून कुणी नळ सोडलेला नव्हता. मी तोटी उघडली, हात धरला आणि हाताला कळ आली. विहिरीचं पाणी बरं, इतकं ते गार होतं. रात्रभर पाइप उघड्या अंगणात पडून राहिलेला, त्यातलं ते पाणी.

खाटेवरून आबांचा आवाज आला, "राहू दे माय, आज आभाय शे. पानी तपेल नसी."

मी बाहेर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. कालही होतं, परवाही होतं.

मी यांना हाक मारली. हे आले, दोन्ही दीर आले. पुढे आमच्या बाथरूमात जाऊन बघितलं तर दोन तांबे गार आले आणि मग कढत पाणी. मागे आबांच्या तोटीखाली बादली लावली. ती भरली, गार. मोरीत ओतून दुसरी लावली, ती भरत आली तेव्हा कुठे पाणी कोमट झालं, आणि मग त्यातून वाफ यायला लागली. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या लांबलचक पाइपात बरोबर एक बादली पाणी मावत होतं. आबा रोज सगळ्यांच्या आधी ती बर्फासारखी बादली स्वतःच्या अंगावर घेत होते, आणि त्यांनी पाइप रिकामा केला की टाकीतलं गरम पाणी आमच्या फाट्यांपर्यंत येऊन थांबत होतं. आम्ही पहिल्या धारेची तारीफ करत होतो ती अशी. दुसरी बादली घेतली असती तर त्यांनाही गरम मिळालं असतं. पण नियम त्यांचाच होता.

हे तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसले आणि रडले. लग्नानंतर मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघत होते. मधले दीर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. धाकटे दीर मात्र स्कूटर काढून धुळ्याला निघून गेले.

मला आबांचाही राग आला होता. एक शब्द बोलायला काय झालं होतं? खाटेपाशी जाऊन मी तोंड उघडणार होते, पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि छाती भात्यासारखी हलत होती. मी फडकं पिळलं आणि त्यांची पाठ पुसली. हाताला फासळ्या लागल्या.

त्या संध्याकाळी धाकटे दीर गीझर घेऊन आले, आबांच्या न्हाणीसाठी. मी म्हटलं, भाऊ, एवढं करायची गरज नाही. सकाळी उठून मी पहिली बादली म्हशीच्या हौदात ओतत जाईन, दुसरी आबांना. काम संपलं. म्हशीला काय फरक पडतो. माझं कुणी ऐकलं नाही. ऐकणार नव्हतेच. लाजलेल्या माणसाला काहीतरी विकत आणल्याशिवाय चैन पडत नाही, आणि त्या घरात त्या दिवशी तिघेही भाऊ लाजलेले होते.

आबांच्या न्हाणीत गीझर लागला. मग मधल्या दिरांना वाटलं की आबांचा फाटा बंद झाला तर आता आपण तरी टाकीच्या भरवशावर कशाला राहायचं, ढगाळ दिवशी पोरं गारठतात. त्यांनी आणला. धाकट्या जावेने तर आधीच जागा बघून ठेवली होती. आमच्याकडेही आला, मीच यांना म्हटलं, सगळ्यांकडे आहे तर आपल्याकडे का नको. सकाळी सगळी बटणं एकदम दाबली की फ्यूज उडायचा. वायरमन आला, म्हणाला एवढा लोड एका मीटरला झेपणार नाही, तिघांनी तीन मीटर घ्या. तीन मीटर आले. ओसरीत एका फळीवर तीन मीटर शेजारी शेजारी फिरायला लागले, आणि कुणाचं चाक जोरात फिरतंय हे येताजाता सगळे बघायला लागले. कुणाच्या खोलीतला दिवा दिवसा चालू आहे, कुणाची इस्त्री कुणाच्या मीटरवर आहे, यावरून बोलणं झालं. मग त्या बोलण्याला उत्तर झालं. मग गहू वेगळे दळायला जाऊ लागले.

आबा त्या आजारातून उठले. डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं. उठून काठी टेकत ओसरीवर आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ते तीन मीटर बघितले. बराच वेळ बघत होते. ते जुनं वाक्य, माझ्या डोळ्यांदेखत भिंत नको, त्या दिवसापासून ते कधी बोलले नाहीत. दिरांना आता ते म्हटलेलं हवं होतं की काय कोण जाणे. मला हवं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी येतात, झोके बांधतात. त्या वर्षी आमच्याकडे नणंदा आल्या आणि त्यांना विचारावं लागलं की आज कोणाकडे जेवायचं. तोवर तीन चुली झालेल्या होत्या. शेत पावसाळ्याआधी वाटलं गेलं. भांडण असं मोठं झालंच नाही, आरडाओरडा नाही, कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही. गावातले लोक उलट म्हणाले की किती समजूतदार पोरं. आबा आमच्या वाट्याला आले. माणूस वाट्याला येतो असं बोलायला जीभ वळत नाही, पण तेव्हा सगळे असंच बोलत होते.

पुढची थंडी आली. आबांच्या न्हाणीतला गीझर मी आदल्या रात्रीच भरून ठेवायचे आणि सकाळी बटण दाबायचे. आता त्यांच्यासाठी कुणी थांबत नव्हतं. त्यांची आंघोळ व्हायच्या आत धाकट्यांकडची पोरं अंगावर पाणी घेऊन केस विंचरत असायची. आबा मात्र त्याच वेळी उठायचे, त्याच घाईने बादली भरून घ्यायचे.

एका सकाळी मी टॉवेल द्यायला गेले तर ते पाटावर बसले होते, समोर वाफाळती बादली, आणि अंगावर पाणी घेतलेलं नव्हतं. पाणी फार कढत झालंय का, विसण घालू का, मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा इतके दिवस ओठांवर अडवून धरलेलं मी विचारून टाकलं.

"आबा, तुम्ही तवय काबरं नई बोलनात?"

त्यांनी तांब्या पाण्यात बुडवला, पण उचलला नाही.

"बोली काय करतू माय?" ते म्हणाले, आणि अंगणापलीकडच्या तीन चुलींच्या घराकडे मान केली. "थंडं पानी चार तांब्यासमा सरी जाये. हाई सरत नई."